कवडसा आणि श्वास

स्वारगेटची हवा कशी आहे, असं कुणी विचारलं तर पुणेकर म्हणेल, 'त्यात विचारायचं काय? नाकाला कळतं की!' पूर्वी या जागी घोडेस्वारांचा पहारा असलेलं नाकं होतं, म्हणून नाव पडलं स्वारगेट, असं सांगतात. घोडेस्वार गेले, नाकंही गेलं. आता तिथं एसटीचा स्टँड आहे, पीएमपीची बस आहे, रिक्षांची रांग आहे, आणि २९ सप्टेंबर २०२४पासून जमिनीखाली मेट्रोही आहे. या सगळ्यांत उरलं आहे ते आपलं नाक. पण नाकावर फार विसंबून चालत नाही. कुठलाही वास आला की पाच-दहा मिनिटांत नाकाला त्याची सवय होते. आणि ज्या कणांनी छातीला खरा अपाय होतो, त्यांतल्या पुष्कळांना वासच नसतो. ते डोळ्यांनाही दिसत नाहीत.

मग जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते मोजायचं कसं? आणि मोजल्यावर त्याचा आपल्या श्वासाशी संबंध कसा लावायचा? आजचं बोलणं याच दोन प्रश्नांवर आहे.

सगळ्यात जुनी रीत वजन करण्याची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदींत स्वारगेट, नळ स्टॉप, भोसरी ही नावं अनेक वर्षांपासून आहेत. अशा ठिकाणी एक पंप हवा ओढतो आणि ती एका गाळणकागदातून जाऊ देतो. कागद आधी कोरडा करून तोलून घेतलेला असतो. चोवीस तासांच्या मोजणीनंतर तो पुन्हा तोलतात. वाढलेलं वजन म्हणजे धूळ आणि धूर. त्याला ओढलेल्या हवेच्या आकारमानानं भागलं की उत्तर मिळतं. राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असा की, ही मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा करायची. रीत चोख आहे, वजन खोटं बोलत नाही. पण आठवड्याच्या उरलेल्या पाच दिवसांत काय झालं, हे तिला ठाऊक नसतं. शिवाय उत्तर येईपर्यंत ती हवा आपल्या छातीत जाऊन कितीतरी वेळ झालेला असतो.

हे वजन किती सूक्ष्म असतं ते पाहा. आपल्याकडे २००९ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं, म्हणजे ज्याला 'पीएम २.५' म्हणतात त्यांचं, चोवीस तासांचं प्रमाण एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असलं तर चालतं. एक घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी. आणि ६० मायक्रोग्रॅम म्हणजे स्वयंपाकघरातल्या बारीक मिठाचा जवळपास एक कण. तेवढ्या मोठ्या पेटीत मिठाचा एक कण, तोही पिठाहून बारीक दळून उधळलेला! माणूस दिवसाला अशा दहा-बारा पेट्या हवा आत घेतो. म्हणजे रोजचे दहा-बारा मिठाचे कण. ऐकायला काहीच नाही. पण ते रोजचे असतात, जन्मभराचे असतात, आणि त्यांतले काही आतच राहतात.

माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनचा कण नाकात, घशात, श्वासनलिकेत अडकतो. खोकल्यानं, शेंबडातून तो बाहेर पडू शकतो. अडीच मायक्रॉनच्या आतला कण थेट फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांपर्यंत पोचतो. त्याहून बारीक असेल तर रक्तातही उतरतो. म्हणून धुळीचं दुखणं फक्त छातीचं राहत नाही, ते हृदयाचंही होतं.

आता उजेडाकडे वळू. जुन्या वाड्यातली माळवदाची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कवडसा ठाऊक आहे. छतातल्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि खोलीतली धूळ एकदम दिसू लागते. धूळ आधीही होतीच. उजेड तिच्यावर आपटून आपल्या डोळ्याकडे वळला, एवढंच. जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात नेमका हाच प्रकार प्रयोगशाळेत अभ्यासला. पुढे १९०८ साली गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञानं, किती मोठा कण कोणत्या दिशेला किती उजेड फेकतो याचं गणित मांडलं. आज हवा मोजणारी जी लहान यंत्रं मिळतात, ती म्हणजे डबीत बंद केलेला कवडसा आहे. डबीत लेझरचा बारीक झोत असतो. छोटा पंखा हवा ओढतो. कण झोतातून गेला की क्षणभर चमकतो आणि बाजूला बसवलेला प्रकाशसंवेदक ती चमक टिपतो. किती वेळा चमकलं त्यावरून कण किती, आणि किती लख्ख चमकलं त्यावरून कण केवढा, हे कळतं. दर मिनिटाला आकडा मिळतो. आठवड्यातून दोनदा तोलायच्या कागदाच्या तुलनेत ही मोठीच सोय आहे.

गंमत अशी की, वायू मोजायलाही उजेडच उपयोगी पडतो. कार्बन मोनॉक्साइड अवरक्त किरण शोषतो, ओझोन अतिनील किरण शोषतो. सल्फर डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की तो स्वतः चमकतो. वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला भेटला की त्या क्रियेतच उजेड निर्माण होतो. मोठ्या केंद्रांमधली यंत्रं हा उजेड मोजतात आणि त्यावरून वायूचं प्रमाण सांगतात.

पण कवडशाचेही दोष आहेत. पहिला दोष पाण्याचा. धुक्यातला, पावसाळी हवेतला कण पाणी पिऊन फुगतो. यंत्राला तो मोठा दिसतो आणि आकडा उगाच चढतो. म्हणून चांगल्या यंत्रात हवा आत घेताना ती गरम करून सुकवतात. स्वस्तातल्या यंत्रात ही सोय नसते. दुसरा दोष जास्त गंभीर आहे, आणि स्वारगेटसारख्या ठिकाणी तर तो फारच महत्त्वाचा. दिसणाऱ्या उजेडाची लहर साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनची असते. कण तिच्याहून फार लहान असला तर तो उजेड जवळपास वळवतच नाही. डिझेलच्या धुरातले असंख्य कण ०.१ मायक्रॉनहूनही बारीक असतात. म्हणजे जे कण सर्वांत खोल जातात, तेच या डबीतल्या कवडशातून निसटतात.

त्यांना पकडायला वेगळी युक्ती लागते. काजळी उजेड वळवण्यापेक्षा गिळते जास्त. म्हणून पांढऱ्या पट्टीवरून हवा ओढायची, पट्टीतून उजेड पाठवायचा, आणि पट्टी काळवंडत जाईल तसा पलीकडे पोचणारा उजेड किती कमी झाला ते मोजायचं. काजळी मोजायचं यंत्र ते हेच. मला हे यंत्र नवं वाटलं नाही. माझे मोठे मामू स्वारगेटला रिक्षा चालवायचे. खाकी शर्ट आणि गळ्यात पांढरा रुमाल. रात्री घरी आले की मुमानी तो रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायच्या, कारण त्याचं पाणी काळं निघायचं. रोज एक पांढरी पट्टी, रोज तिची काळी नोंद. फक्त ती कुठल्या वहीत उतरत नव्हती. मामूंचा खोकला घरात सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. त्यांचा तो आवाजच आहे, असं आम्ही मुलं समजायचो.

जमिनीवर मोजणं झालं, आता वरून. पुण्याचं भाग्य असं की, पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. १९६२ साली पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच रात्री लेझरचा झोत आकाशात सोडून, कणांवरून परत येणाऱ्या उजेडावरून कोणत्या उंचीवर किती धूळ आहे, हे मोजायला सुरुवात केली. दिवसा सूर्याकडे रोखलेलं यंत्र ऊन हवेतून येताना किती मंदावलं ते सांगतं. 'टेरा' (१९९९) आणि 'अ‍ॅक्वा' (२००२) या उपग्रहांनी तर अख्ख्या पृथ्वीवरच्या धुळीचे नकाशे दिले. मात्र उपग्रहाला ढगांखालचं दिसत नाही. शिवाय तो जमिनीपासून वरपर्यंतची सगळी धूळ एकत्र पाहतो. त्याच्या नजरेत स्वारगेटचा चौक ठिपक्याएवढाही नसतो. आभाळातून दिसणारी धूळ आणि आपल्या नाकाशी असलेली धूळ यांचा मेळ घालायला खालची केंद्रं लागतातच.

तो मेळ घालण्याचा एक मोठा प्रयत्न याच संस्थेत झाला. दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा होत्या. खेळाडूंना हवा कशी मिळणार, हे आधी सांगता यावं म्हणून डॉ. गुफ्रान बेग यांच्या नेतृत्वाखाली एक यंत्रणा उभी राहिली. २०१३ साली ती पुण्यात आली, २०१५ साली मुंबईत आणि २०१७ साली अहमदाबादला. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की शब्द होतो 'सफर'. मूळ अरबी, आपल्या बोलण्यात मुरलेला शब्द. तसा 'हवा' हा शब्दही अरबीतूनच आला, आणि मराठीनं त्याला 'मान' जोडून 'हवामान' असा पक्का मराठी शब्द केला. फारसीतला 'दम' म्हणजे श्वास. त्याच घरातला आपला 'दमा'. श्वास आणि श्वासाचा आजार भाषेत इतके शेजारी राहतात.

'सफर'ची रीत अशी. शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव, भोसरी, आळंदी अशा ठिकाणी केंद्रं उभारली. वाहनं, चुली, भट्ट्या, कारखाने, उखडलेले रस्ते यांची मोजदाद करून कुठून किती धूर निघतो याचा नकाशा केला. त्याला वाऱ्याचं, तापमानाचं गणित जोडलं आणि उद्याची, परवाची हवा कशी असेल याचा अंदाज बांधला. पुण्यात हे गणित थंडीत फार कामाचं असतं. आपलं शहर टेकड्यांच्या कुशीत आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्या मानानं उबदार राहते, आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं. धूर वर जाऊ शकत नाही. तेवढ्याच गाड्या, तेवढाच धूर, पण मे महिन्यापेक्षा डिसेंबरची सकाळ जास्त कोंदट असते.

हे सगळे आकडे सामान्य माणसाला समजावेत म्हणून २०१५ साली देशात हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत वाईट, तोच त्या दिवसाचा निर्देशांक. ५०पर्यंत चांगली, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत वाईट, ४००पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. रंगही ठरलेले आहेत.

इथं शब्द फार जपून वाचायला हवेत. 'समाधानकारक' याची वरची हद्द म्हणजे पीएम २.५चं प्रमाण ६०, आपला तो मिठाचा एक कण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा १५ आहे, म्हणजे त्या कणाचा चौथा हिस्सा. जगात एका ठिकाणी जी हवा चौपट वाईट ठरते, तिला आपल्याकडे समाधानकारक म्हणता येतं. मानक ठरवताना देशाची परिस्थिती पाहिली जाते, हे खरं. पण फुप्फुसाला परिस्थिती कळत नाही.

दुसरं म्हणजे, हा आकडा चोवीस तासांची सरासरी असतो. रात्री तीनची हवा आणि संध्याकाळी सातची हवा त्यात एकत्र होते. केंद्र बहुधा चौकाच्या मधोमध नसतं, जरा आडोशाला, उंचावर असतं. शहराची हवा कळायला ते योग्यच आहे. पण स्वारगेटला दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस, बसच्या दारात लटकून गावांची नावं पुकारणारा वाहक, रिक्षावाला, फलाटावर चहा नि वडापाव विकणारा, हे सरासरी हवा घेत नाहीत. ते धुराच्या नळीच्या उंचीवरची, गर्दीच्या वेळची हवा घेतात. आईचं बोट धरून चालणाऱ्या मुलाचं नाक तर त्या नळीच्या आणखी जवळ असतं.

त्या हवेनं शरीरात काय होतं? याचं एक उत्तर पुण्याच्याच डॉक्टरांकडून मिळालं आहे. डॉ. संदीप साळवी यांनी युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. १५ निरोगी माणसांना एक तास डिझेलचा विरळ केलेला धूर आणि दुसऱ्या वेळी स्वच्छ हवा दिली. सहा तासांनी दिवा लावलेली बारीक नळी श्वासनलिकेत घालून आतले नमुने घेतले. फुंकर मारून करायच्या नेहमीच्या तपासणीत काहीच फरक दिसला नव्हता. पण आत दाह सुरू झाल्याच्या खुणा स्पष्ट होत्या, रक्तातही बदल होता. तक्रार नाही, तपासणी ठीक, आणि तरीही आत सूज. हे एका तासात झालं. पुढे २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असं जाहीर केलं.

शरीरात उजेड घालून पाहण्याचं आणखी एक यंत्र २०२०च्या करोनाकाळात घरोघर पोचलं. बोटाला लावायचा चिमटा, ऑक्सिमीटर. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याची कल्पना मांडली. प्राणवायूनं भरलेलं रक्त अवरक्त उजेड जास्त शोषतं, रिकामं झालेलं रक्त लाल उजेड जास्त शोषतं. दोन्ही उजेड बोटातून पाठवायचे आणि नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा बदल मोजायचा. म्हणजे चौकातली हवा आणि बोटातलं रक्त, दोन्हींचा हिशेब उजेडच ठेवतो. मात्र डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की, कृष्णवर्णीय रुग्णांत घटलेला प्राणवायू या चिमट्याच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटला. कातडीतला रंगही उजेड शोषतो. आपण सावळ्या माणसांच्या देशात राहतो. चिमटा ९६ दाखवत असेल आणि माणूस धापा टाकत असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा, चिमट्यावर नाही.

हवेचा आकडा आणि माणसाचा आजार या दोन वह्या शेजारी ठेवल्या की काय होतं, हे लंडनमध्ये दिसलं. एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३मध्ये दम्यानं गेली. तिचं घर वर्दळीच्या रस्त्यालगत होतं. प्रा. स्टीफन होलगेट यांनी तिच्या दवाखान्यातल्या भरतीच्या तारखा आणि जवळच्या केंद्रावरच्या हवेच्या नोंदी जुळवून पाहिल्या. आईनं पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर २०२०मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निर्णय दिला की, तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार होता. ब्रिटनमध्ये असा निर्णय पहिल्यांदाच झाला. तो शक्य झाला, कारण जवळ एक केंद्र होतं आणि त्याची नोंद तासातासाची होती. मामूंच्या खोकल्यासाठी अशी वही नव्हती. त्यांच्यासारख्या कितीजणांसाठी ती आजही नाही.

काहीच झालं नाही, असं मात्र नाही. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. एप्रिल २०२०पासून भारत-६ इंधन आलं. २०१९पासून पुण्याच्या रस्त्यावर विजेच्या बस धावू लागल्या. जानेवारी २०१९मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणंही आहे. पण केलेल्या उपायांनी किती फरक पडला, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी २००६ साली झाली, मेट्रो २०२४ साली आली. अशा प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर चौकातली काजळी मोजायला हवी, आणि जवळच्या दवाखान्यांतल्या दम्याच्या रुग्णांच्या तारखा तिच्या शेजारी ठेवायला हव्यात. नावं नकोत, तारखा पुरेत. त्यातून वाहतूक पोलिसाची पाळी किती तासांची असावी, फलाट कुठे असावा, शाळेची वेळ हिवाळ्यात बदलावी का, असे साधे निर्णय पुराव्यानं घेता येतील.

घरातही थोडं आपल्या हातात आहे. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, लोबान, सगळ्यांचा धूर फुप्फुसाला सारखाच. तो धर्म पाहत नाही. बंद खोलीत कॉइल लावून झोपू नये, खिडकी उघडी असावी, मच्छरदाणी त्याहून चांगली. फटाक्यांचा अभ्यास २०१६ साली पुण्यातच झाला. त्यात सर्वांत जास्त बारीक कण सोडणारी निघाली ती मुलांच्या हातात निर्धास्तपणे दिली जाणारी नागगोळी, हजारांच्या माळेपेक्षाही जास्त. आवाज नाही म्हणून आपण तिला निरुपद्रवी समजत आलो.

आणि स्वारगेटला बसची वाट पाहताना उभ्या गाडीचं इंजिन उगाच सुरू दिसलं, तर चालकाला नम्रपणे सांगावं, 'दादा, जरा बंद करता का?' तोही तीच हवा घेतो, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)